केदारखेड्याचं बिननावाचं झुडूप

किस्से गोळा करायला मी कधी गेलो नाही. दवाखान्याचे ड्रॉवर साफ करायला घ्यावेत आणि तळाशी दहा प्रकारचा चुरा निघावा, तसे ते निघत गेले. जुन्या जालन्यात एका हकीमसाहेबांच्या दवाखान्यात मी अकरा वर्षं कंपाउंडर होतो. राज्य निजामाचं, कचेरीची भाषा उर्दू, दुखणी मात्र मराठीतच यायची. हकीमसाहेब दखनीत विचारायचे, पेशंट मराठीत सांगायचा आणि मी मध्ये उभा राहून दोघांनाही म्हणायचो, "बराबर!"

हकीमसाहेबांचा एक नियम होता. कोणी झाडपाला ओळखायला आणला, तर पान, फूल आणि फळ, तिन्ही समोर आल्याशिवाय नाव घ्यायचं नाही. तोवर ती डहाळी भिंतीवरच्या खिळ्याला टांगायची आणि खाली आणणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी लावायची. आमच्या भिंतीवर औषधांच्या बाटल्यांपेक्षा खिळेच जास्त होते.

* * *

एकदा एक म्हातारा पागोट्यात एक पान खोचून आला. गुडघे धरले होते बिचाऱ्याचे.

हकीमसाहेब म्हणाले, "पत्ता लाए. फूल किधर है?"

"फूल दिवाळीला येतंय, साहेब."

"तो दिवाळी को आओ."

म्हातारा दिवाळीला लंगडत आला, फूल घेऊन. फळ होळीला, म्हणाला. होळीला फळ घेऊन आला. हकीमसाहेबांनी तिन्ही चीजा शेजारी शेजारी मांडल्या, भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं आणि जाहीर केलं, "ये निरगुडी है."

निरगुडी मीही पहिल्याच दिवशी ओळखली होती. पण नियम म्हणजे नियम!

म्हातारा शांतपणे म्हणाला, "निरगुडी हाय ते मला म्हाईत हाय. गुडघ्याला चालंल का, येवढंच इच्यारायला आल्तो."

* * *

माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली. खोकल्याचा काढा करायचा होता. अडुळसा खिळ्यांच्या शेजारीच दोरीवर वाळत होता. घाईत मी दोरीऐवजी खिळ्यावरचीच डहाळी उतरवली, उकळली, गाळली आणि गल्लीतल्या एका कापडदुकानदाराला पाजली!

दुपारी रिकामा खिळा दिसला तसा धावत आत गेलो. हकीमसाहेबांना सांगितलं. ते पायांत जोडे न घालताच निघाले, मी मागे. दुकानात पाहतो तर गडी आरामात कापड मोजत बसलेला. सहा वर्षांचा खोकला होता त्याला, त्याचा मागमूस नाही! आम्हाला पाहून म्हणाला, "साहेब, बिलकुल थांबला बघा! आनखी दोन डोस देऊन ठेवा, पावन्याला पायजेत."

डहाळी संपलेली. चिठ्ठी चुलीत गेलेली. हकीमसाहेब परत येऊन गादीवर बसले आणि म्हणाले, "दत्तू, ये बहुत बुरा हुआ."

"पण साहेब, माणूस बरा झाला की!"

"वोईच तो. बिगड़ता तो क्या नहीं देना, इतना तो मालूम होता."

दुकानदारानं पुढं आमच्याशी बोलणं टाकलं. चांगलं औषध लपवून ठेवतात, असं तो गावभर सांगत होता.

* * *

सखाराम केदारखेड्याचा. पहिल्यांदा आला तेव्हाच म्हणाला, "साहेब, मला दवा नको. नाव पायजे."

त्यानं कधीकाळी जालन्याच्या छावणीतल्या एका ओस बंगल्यातून चार काड्या नेऊन शेताच्या कुंपणाला लावल्या होत्या. फुलं बरी दिसली, म्हणून. जनावर तोंड लावत नव्हतं, काटे होते, कुंपण झकास झालं. पण सात-आठ वर्षांत ती झुडपं कुंपण सोडून विहिरीपर्यंत गेली आणि मोटेची धाव गिळून बसली. ज्या उतारावरून बैल मोट ओढतात, त्या उतारावर बैलांना पाऊल टाकायला जागा राहिली नाही.

"पानी हिरीत हाय, गहू रानात हाय, अन् मधी हे बसलंय!" सखाराम म्हणाला.

तोडायला कुऱ्हाड उचलली, तर जंगलखात्याचा चौकीदार आडवा आला. झाडाचं नाव काय, म्हणाला. सखाराम म्हणाला, म्हाईत न्हाई, पण लावलं मीच. चौकीदारानं तिथल्या तिथं निवाडा केला. "चार काड्या तुझ्या. बाकीच्या आपोआप आल्या, त्या सरकारच्या!"

मग कचेरीत अर्ज. फॉर्मच्या पहिल्या रकान्यात अर्जदाराचं नाव, दुसऱ्यात झाडाचं. दुसरा रकाना कोरा, म्हणून कारकुनानं अर्ज घेतलाच नाही. त्या वर्षीचा गहू सखारामच्या डोळ्यांदेखत वाळला. पुढच्या पेरणीच्या आत नाव मिळालं नाही, तर पुढचाही जाणार होता.

* * *

सखारामनं पहिल्या बाजाराला पान आणलं. खरखरीत, कडा करवतीसारख्या, चुरगाळलं की उग्र वास. खिळा.

दुसऱ्या बाजाराला धोतराच्या सोग्यात बांधून सुटी फुलं आणली, पिवळी. तिसऱ्या बाजाराला आणली ती गुलाबी. हकीमसाहेब म्हणाले, "ये दूसरा झाड है." दुसरा खिळा.

"येकाच झाडाची हायेत, साहेब!"

"एक झाड के फूल एक रंग के होते, सखाराम."

मग त्यानं फळं आणली. काही हिरवी, काही काळीभोर. आणखी दोन खिळे! बिचारा एका झाडाचं नाव विचारायला आला होता, तो चार झाडांचा धनी होऊन परत गेला.

शेवटी वैतागून त्यानं आख्खी फांदीच खांद्यावर टाकून आणली. एकाच गुच्छात मधली फुलं पिवळी, कडेची गुलाबी. खाली त्याच फांदीला हिरवी फळं आणि काळी फळं. हकीमसाहेबांनी उठून चारही खिळे मोकळे केले. फांदीपुढे तासभर बसले, किताबं काढली, मिटली. सखाराम उकिडवा बसून त्यांच्या तोंडाकडे पाहत होता.

"पत्ता देखा, फूल देखा, फल देखा," हकीमसाहेब म्हणाले. "नाम मालूम नहीं."

इतका प्रामाणिक माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण त्या दिवशी मला त्यांचा फार राग आला.

* * *

समोरच्या वैद्यबुवांचं आणि आमचं नातं सवतींसारखं. हकीमसाहेब अडले हे कळताच ते आपणहून ओटा उतरून आले. फांदी हातात घेतली, साल खरवडली, हुंगली, डोळे मिटले.

"गंध आहे. चंदनाचीच जात ही."

मी भीत भीत म्हणालो, "बुवा, पण ग्रंथात असं फूल दिलंय का?"

"ग्रंथात नाही अशी वनस्पतीच नसते," बुवा म्हणाले. "त्यामुळे ही ग्रंथातली आहे."

सखारामनं आनंदानं दुसऱ्या रकान्यात 'चंदनाची जात' असं लिहवून घेतलं. आठ दिवसांत अर्ज परत. चंदन सरकारचं, तोडायला सक्त मनाई! वर विचारणा: चंदन कोणाच्या हुकमानं लावलं? चौकीदार रोज येऊन झुडपं मोजायला लागला. गुरं हाकलायचा, वाळक्या काटक्याही उचलू द्यायचा नाही. सरकारी पहाऱ्यात झुडपं दुप्पट वाढली.

सखाराम बुवांना म्हणाला, "म्हाराज, लई उपकार झाले. आता दुसरं काई सांगू नका."

* * *

मथुराबाई आम्हाला मुळ्या आणून विकायची. डोंगरातलं तिला ओळखू येत नाही असं काही नव्हतं. डोळे मिटून पान चोळायची आणि नाव सांगायची. मी मोठ्या आशेनं तिच्या हातात ती फांदी दिली.

तिनं पान चोळलं, वास घेतला, फांदी खाली ठेवली आणि हात लुगड्याला पुसले.

"हे परगावचं हाय."

"कशावरून, मथुराबाई?"

"आपल्याकडलं असतं, तं त्यानं मला वळखलं असतं!"

* * *

पेरणीला पंधरा दिवस राहिले असतील. सकाळी दवाखान्यापुढं सखारामची बैलगाडी येऊन थांबली. बैलांच्या तोंडाला फेस. गाडीत त्याची सून. लग्नाला पाच वर्षं झालेली, पण नांदायला नुकतीच आलेली. माहेर घनसावंगीकडं.

"साहेब, हिनं ती फळं खाल्ली! कुंपणाशी उभी राहून खाऊन राह्यलीती, म्हातारीनं पायलं!" सखाराम गाडीवरूनच ओरडला. "साहेब, नाव गेलं खड्ड्यात. माजी सून वाचवा."

त्या दिवशी मला खरोखर भीती वाटली. झाड माहीत नाही तर उतारा कशावर द्यायचा? हकीमसाहेबांनी नाडी धरली, डोळे पाहिले.

"बेटी, कच्चे खाए या पक्के?"

सून गप्प. सासऱ्यासमोर नवी सून बोलेल कशी? पदर हनुवटीपर्यंत. सखारामही तिच्याशी थेट बोलेना, तो मला म्हणाला, "तिला म्हनावं सांग." मी तिला म्हणालो, "सांगा." ती गप्पच! आमचा असा जीव टांगणीला आणि घरंदाजपणा काही सुटेना.

मुळ्या घेऊन आलेली मथुराबाई कोपऱ्यातून हे पाहत होती. तिनं उठून दोन फळं सुनेपुढं धरली, एक हिरवं, एक काळं. सुनेनं काळ्याकडं बोट दाखवलं. हिरव्याकडं पाहून जोरानं मान हलवली.

"म्हंजे तुला हे फळ ठावं हाय?" मथुराबाईनं विचारलं.

पदर हलला. हो.

सखाराम म्हणाला, "असंल. सुपारी फोडली तवा हिच्या बापाला मीच रोपं दिल्ती कुंपनाला. आमच्याकडून दुसरं काय देनार?"

"मग पाच वर्सं हे खातीस?" मथुराबाई सुनेला म्हणाली.

हो.

हकीमसाहेबांनी नाडी सोडली आणि गादीला टेकून बसले. मग एकदम सरळ झाले. "बेटी, तुम्हारे गाँव में इसको क्या बोलते?"

पदर हलेना. हकीमसाहेबांनी पुन्हा विचारलं. सुनेनं हात थोडा वर केला आणि बोट दाखवलं. सखारामकडं.

"मला काय दावती?" सखाराम कावला. "मला म्हाईत असतं, तं वरीसभर खेटे घातले असते का?"

मथुराबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "अवो, सासऱ्याचं नाव कसं घील ती? ज्यानं आनलं त्याच्याच नावानं म्हनत्यात लोक. व्हय गं? सखारामी?"

पदर जोरात हलला.

सखाराम भिंतीवरच्या खिळ्यांकडं पाहत बसला.

मी त्याच दिवशी नवा फॉर्म भरला. अर्जदाराचं नाव: सखाराम. झाडाचं नाव: सखारामी. आठव्या दिवशी हुकूम आला. हकीमसाहेबांनी उर्दू वाचलं आणि मी मराठी करून सांगितलं: 'अर्जदाराचे व झाडाचे नाव एकच आहे. सबब झाड अर्जदाराच्या घरातले असावे. मनाई फक्त सरकारी झाडांना आहे. तोडावे.'

पेरणी झाल्यावर मी मुद्दाम केदारखेड्याला जाऊन आलो. धाव मोकळी होती, मोट चालू होती, पाटाला पाणी होतं. सगळी सखारामी तोडलेली. दारापुढं तेवढं एक झुडूप ठेवलेलं, आणि त्याला आळं करून पाणी घातलेलं.

मी म्हणालो, "सखाराम, एवढा ताप दिला त्यानं. हे कशाला ठेवलंस?"

सखारामनं आजूबाजूला कोणी नाही असं पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "सून खाती."