वॉर्निशचा जास्तीचा हात

"यंदा आमचा राहनार बघा ताई," असं म्हणत ती आपल्या घरच्या शाडूच्या गणपतीवर वॉर्निशचा आणखी एक हात फिरवायची. ओठ मिटून, त्याला गुदगुल्या होऊ नयेत अशा बेतानं.

पेणच्या एका कारखान्यात मी आखणी करते, म्हणजे मूर्तींचे डोळे काढते. ती माझ्या शेजारी रंगकामाला होती. कासूहून सकाळच्या गाडीनं यायची. हात हलका, तोंड मात्र दिवसभर चालू.

"तुझं तोंड रंगवून बंद करू का गो?" मी म्हणायचे.

"रंगवा की. जुनंच झालंय."

आमच्याकडची रीत तुम्हालाही ठाऊक असेल. घरात बाई गरोदर असली की गणपती बुडवत नाहीत, बाळंतपण होईपर्यंत तो घरातच राहतो. तिच्या मुलीच्या वेळी राहिला होता. मुलगी झाली, सव्वा महिना झाला, मग त्याला पोचवला. ती मुलगी आता चौथीत गेली होती. मधल्या प्रत्येक वर्षी हिनं मूर्तीला एक हात जास्त दिला, कारण त्याला बरेच महिने काढायचे होते. आणि प्रत्येक वर्षी तो गौरीबरोबर निघून गेला.

नवरा रोह्याला कंपनीत. त्याची शिफ्ट बघून दोघं तिथल्या डॉक्टरीणबाईंकडे जायची. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, दोघांच्या तपासण्या झाल्या.

"सगळं चांगलं हाय म्हनतात. मंग ऱ्हात का नाय?" ती मला विचारायची. जसं काही ते माझ्या हातात होतं.

एक मूल झालेल्या बाईला कुणी वांझ म्हणत नाही, पण तिच्या दुःखाला दुःखही म्हणत नाही. मीही त्यातलीच. "एक हाय ना, तिला बघ," असं मी तिला कितीदा तरी सुनावलं. ती मान हलवून ब्रश धुवायला जायची. ते आठवलं की अजून माझी मलाच लाज वाटते.

गेल्या वर्षी ऐन गणपतीत तिची पाळी बारा दिवस लांबली. सासूनं घरात सांगून टाकलं, यंदा बुडवायचा नाही.

"आधी तपासून तरी घे," मी म्हणाले.

"नको ताई. दृष्ट लागंल."

साऱ्या गावाचे गणपती गेले, तिचा राहिला. तिनं गुपचूप माझ्या हातावर साखर ठेवली. मीही खाल्ली.

आठवड्यानं आम्ही नवरात्राच्या देव्या रंगवत होतो. ती ब्रश ठेवून जवळ आली. "ताई, पिशवीत पॅड हाय का गो?"

मी दिलं. ती परत आली आणि देवीचं अर्धं राहिलेलं लुगडं पुरं केलं.

पाचव्या दिवशी त्यांनी गणपती तळ्यात नेला. ताशा नाही, शेजारीपाजारी नाहीत. बोलावून लोकांना सांगणार काय?

"इरघळंना ताई," ती नंतर मला म्हणाली. "धुनं धुवायला गेलं की दिसतो. पायरीखाली बसलाय पान्यात, डोलं उघडं ठेवून. मीच एवढा पक्का केला त्याला."

ते डोळे मी काढले होते. मला रडू आलं. तिला नाही आलं.

दिवाळीनंतर ती कामावर आलीच नाही. फोनही उचलेना.

यंदा तिचा नवरा मुलीला घेऊन मूर्ती न्यायला आला. ती कशी आहे विचारलं तर म्हणाला, "हाय घरात. बोलत नाय जास्त." मी तिची मूर्ती पुढे केली. तिची आठवण म्हणून मीच त्यावर वॉर्निशचा जास्तीचा हात दिला होता.

मुलीनं मूर्तीवरून बोट फिरवलं आणि बापाकडे पाहिलं. मग मला म्हणाली, "ह्यो नको. आई बोलली, लगेच इरघळंल असा आन."

मी दुसरी मूर्ती दिली, बिनवॉर्निशची. तिची परत फळीवर ठेवली.