बारा जणींचा कॅशबॅक

धंतोलीतल्या कुठल्याही दवाखान्यात पेशंट भरती झाला, की त्याच्याबरोबरच्या माणसाला संध्याकाळपर्यंत प्रश्न पडतो, आता जेवायचं काय. वॉर्डातल्या आयाबायांना विचारलं तर बहुतेक जणी एकच नंबर सांगतात. तो इंदूबाई सोमकुवरांचा.

इंदूबाई मूळच्या खाप्याच्या. लग्न होऊन नागपुरात आल्या, काही वर्षं एका दवाखान्यात साफसफाई केली. पेशंटला दवाखाना जेवू घालतो, पण त्याच्यासोबत गोंदिया-गडचिरोलीहून आलेला माणूस आठ-आठ दिवस समोशावर काढतो, हे त्यांनी तिथंच पाहिलं. नोकरी सोडून त्यांनी डबे सुरू केले, त्याला आता बारा वर्षं झाली. नवरा मनोहरराव सिक्युरिटीत होते. गुडघे गेल्यावर तेही भाजी चिरायला आणि डबे भरायला बसले. रोज नव्वदेक डबे जातात. पथ्याचे वेगळ्या पिशवीत, धडधाकट नातेवाइकांचे झणझणीत रश्शाचे वेगळ्या. सगळ्या ऑर्डरी फोनवर येतात.

तो फोन एका उन्हाळ्यात वरणाच्या भरल्या गंजात पडला आणि बंद झाला.

चौकातल्या मोबाईलच्या दुकानात सौरव नावाचा काउंटरवरचा माणूस ओळखीचा होता. त्यानं एक फोन दाखवला. सोळा हजारांचा, हप्त्यानं. त्यासोबत दोन वर्षांचा पोस्टपेड प्लॅन घ्यायचा, दर महिन्याला सहाशेच्या घरात बिल, आणि पहिल्या महिन्यात, मग दर सहा महिन्यांनी, असे चार वेळा दीड-दीड हजार रुपये कंपनी खात्यात परत टाकणार. एकूण सहा हजार कॅशबॅक. सौरव म्हणाला, फोन दहा हजारांतच पडला समजा.

घरी मनोहररावांनी तोंड वाकडं केलं. "आधी अडीचशेत महिना जाये. आता सहाशे. आपलेच पैसे आपल्याले वापस देऊन राहिले ते."

इंदूबाईंनाही ते दिसत होतं. पण सोळा हजार एकदम काढणं जमणार नव्हतं, हप्त्यावर व्याज नव्हतं, आणि नंबर एक दिवस बंद राहिला तरी डबे पडून राहतात. त्यांनी फोन घेतला. बिलाला इंग्रजीतले चौदा कागद टाचून मिळाले, ते त्यांनी पोळ्यांच्या हिशेबाच्या वहीत ठेवून दिले.

महिन्याभरानं सौरवनं त्यांच्या फोनवरून क्लेम का काय तो भरून दिला आणि दीड हजार खरंच आले. इंदूबाईंनी स्टीलचे नवे डबे घेतले आणि ज्या वॉर्डात गेल्या तिथं सांगितलं. त्यांच्या शब्दावर आठ-दहा दिवसांत अकरा बायकांनी तीच स्कीम घेतली. सगळ्या आया आणि सफाईवाल्या. त्यात सत्यवती होती, प्रसूतिगृहात आया असलेली, दोन मुली एकटीनं वाढवणारी.

त्या अकरा जणींनाही कॅशबॅकचा पहिला हप्ता मिळाला. इंदूबाईंचा दुसरा मात्र आला नाही. मग एकेक करून बाकीच्यांचाही नाकारला गेला.

सौरव म्हणाला, दुकानाचं काम फोन विकण्याचं, पुढचं कंपनीला विचारा. कंपनीच्या नंबरवर फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली, दुकानात विचारा. इंदूबाईंनी त्या आठवड्यात अकरा वेळा फोन केला. प्रत्येक वेळी नवा तक्रार क्रमांक मिळाला.

सत्यवतीनं तेवढी वाट पाहिली नाही. कॅशबॅक नाही तर बिलही नाही, असं म्हणून तिनं बिल भरणं सोडलं. दोन महिन्यांत तिचा नंबर बंद झाला. बँकेचे निरोप, मुलींच्या शाळेचे निरोप, सगळं त्याच नंबरवर यायचं. मग वसुलीवाले थेट प्रसूतिगृहाच्या फोनवर तिला विचारायला लागले. मेट्रननं सगळ्यांसमोर तिला बोलावून घेतलं.

हे कळलं तेव्हा इंदूबाई तिच्या घरी गेल्या. सत्यवतीनं त्यांना बस म्हटलं नाही.

"तुमच्या भरवशावर घेतला मी," ती म्हणाली. "मले त्या दुकानवाल्याचं तोंडही माहीत नव्हतं."

इंदूबाई उभ्या उभ्याच म्हणाल्या, "मीच सांगतलं. आता मीच पाहतो."

पाहणार काय, हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं. त्या आठवड्यात मौद्याचे गोपाळराव लांजेवार बायकोच्या ऑपरेशनसाठी धंतोलीत आले होते. निवृत्त मास्तर, चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं. डबा द्यायला गेलेल्या इंदूबाईंनी चौदा कागद त्यांच्यापुढे ठेवले. बायको आयसीयूत, मास्तरांना वेळ जाता जात नव्हता. त्यांनी चष्मा पुसला आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून दोन दिवस ते कागद वाचले. शेजारी फोनवर कंपनीच्या अॅपमधल्या आजच्या अटी वाचल्या.

त्यांना दोन गोष्टी सापडल्या. कंपनीचा संदेश आल्यापासून तीस दिवसांत क्लेम भरायचा, ही अट पहिल्यापासून होती. इंदूबाईंना तो इंग्रजी संदेश आला होता. त्यांनी जाहिरात समजून पुसून टाकला. आणखी दोघींचंही असंच झालं होतं. पण बाकी नऊ जणींनी क्लेम वेळेत भरला होता. बिल बँकेतून आपोआप कापलं जात नाही, त्या दुकानात रोख भरतात, या कारणानं त्यांना नाकारलं होतं. आणि ही अट चौदा कागदांत कुठंच नव्हती. ती मागाहून अॅपमध्ये घातलेली होती.

मास्तर म्हणाले, "नऊ जणींची बाजू पक्की आहे. तुमची मात्र लंगडी. तुमचं नाव यात घालू नका, कंपनी त्याच्यावरच बोट ठेवेल."

"नाव घाला," इंदूबाई म्हणाल्या. "अन मी दिवस चुकली हेही लिहा. चुकलं ते काहून लपवू? बाकीचं खरं आहे ना."

ग्राहक आयोगात वकिलाशिवाय तक्रार करता येते, हेही मास्तरांनीच सांगितलं. तक्रार त्यांनी मराठीत लिहून दिली. इंदूबाई दुपारच्या डब्यानंतर एकेकीकडे सही घ्यायला फिरल्या. दोघींना नोकरी जाईल म्हणून भीती वाटली. इंदूबाईंनी त्यांना समजावलं, की नोकरी दवाखान्याची आहे, मोबाईलवाल्याची नाही. सत्यवतीनं कागद तीनदा वाचला आणि सही केली.

आयोगाची नोटीस कंपनीला गेल्यावर पंधरा दिवसांत सौरव इंदूबाईंच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. मनोहररावांनी त्याला बसायला पाट दिला. तो खूप वेळ उन्हाबद्दल बोलला. मग मुद्द्यावर आला.

"मावशी, कंपनी तुमचे राहिलेले साडेचार हजार पूर्ण द्यायले तयार आहे. वरून एक नवीन फोन. तक्रार तेवढी वापस घ्या, अन कोणाले सांगू नका."

"अन बाकीच्या अकरा जणी?"

"त्यायचं त्या पाहतीन. तुमची गोष्ट वेगळी आहे."

इंदूबाईंचा पोळी लाटणारा हात थांबला नाही. "वेगळी कशी? दिवस चुकली ती मी. ज्यायचं काही चुकलं नाही त्यायले ठेंगा, अन जिचं चुकलं तिले फोन. काहून, तर मी बोलतो म्हणून. हो ना?"

सौरव पाटावरून उठायला लागला.

"त्यायले स्कीम घ्या म्हणून माह्या तोंडानं सांगतलं मी. आता मी एकटी जेवून हात धुऊन घेऊ का? सांग तुह्या साहेबाले, इंदूबाईचं पोट भरलं आहे म्हणा."

तो गेल्यावर मनोहरराव बराच वेळ मेथी निवडत बसले. साडेचार हजार म्हणजे त्यांच्या गुडघ्यांची दोन महिन्यांची औषधं होती. पण ते एवढंच म्हणाले, "पोळी जळून राहिली वं."

तारखा पडत गेल्या. कंपनीनं बिल भरणाऱ्या अकराही जणींचा पुढचा हप्ता तक्रारीचं कारण सांगून अडकवला. इंदूबाईंनी बजावून ठेवलं होतं, की बिल एकीनंही थकवायचं नाही. राग आहे म्हणून आपणच करार मोडला, तर सत्यवतीसारखं होईल. दर महिन्याच्या तीन तारखेला दहा जणी त्यांच्यासोबत दुकानात जायच्या, सौरवसमोर रांगेत उभ्या राहून रोख बिल भरायच्या आणि शिक्क्याची पावती घ्यायच्या.

शेवटच्या सुनावणीला कंपनीच्या वकिलानं सांगितलं, की अटी बदलण्याचा हक्क कंपनीनं राखून ठेवला होता आणि ग्राहकांनी टिक करून तो मान्य केला होता. इंदूबाईंनी बोलायची परवानगी मागितली.

"साहेब, टिक केली त्या दिवशी ही अट नव्हती. मी महिन्याच्या डब्याचे पैसे आधी घेतो. पंधराव्या दिवशी मी पेशंटच्या माणसाले म्हणू का, की आता पोळीचे वेगळे लागतीन? मारून टाकतीन मले."

कोणीतरी हसलं. वकील हसला नाही.

निकाल करार संपायला महिना राहिला असताना लागला. मागाहून घातलेली अट जुन्या ग्राहकांना लावता येत नाही, असं आयोगानं म्हटलं. नऊ जणींना दुसरा हप्ता मिळाला, आणि बिल वेळेवर भरणाऱ्या अकरा जणींना पुढचे दोन्ही. दिवस चुकलेल्या तिघींचे दीड-दीड हजार गेले ते गेलेच. सत्यवतीला फक्त दुसरा हप्ता मिळाला, तोही तिच्या थकलेल्या बिलात वळता झाला. दंड मात्र माफ झाला आणि वसुलीवाल्यांना दवाखान्यात फोन करायला बंदी झाली.

गुपचूप घेतले असते तर इंदूबाईंना साडेचार हजार मिळाले असते. आता तीन मिळाले. हे त्यांना जो तो येऊन सांगत होता. त्यांनी कोणाशीही वाद घातला नाही. निकालाच्या बारा झेरॉक्स काढल्या आणि स्वतः वाटल्या. सत्यवतीनं या वेळी त्यांना बसवलं आणि चहा टाकला. ती म्हणाली, मी आता जन्मात असा फोन घेणार नाही, प्रीपेडच बरा. इंदूबाई म्हणाल्या, तुझं बरोबर आहे.

स्वतः मात्र त्यांनी तसं केलं नाही. करार संपल्यावर पंधरा दिवसांनी त्या पुन्हा त्याच दुकानात गेल्या. फोनची बॅटरी उतरायला लागली होती आणि नवी स्कीम आली होती, आठ हजार कॅशबॅकची. मनोहररावांनी विचारलं होतं, एवढं होऊन पुन्हा काहून? त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "त्यायनं फसवलं म्हणून मी भिऊन राहू का? सोय माह्या कामाची आहे. घेईन, पण माह्या पद्धतीनं."

सौरव त्या दिवशी नव्हता. काउंटरवर मेघा नावाची नवीन मुलगी होती. तिनं हसून फॉर्म पुढे केला आणि कुठं टिक करायची ते दाखवलं. इंदूबाईंनी स्टूल ओढलं, बसल्या आणि म्हणाल्या, आधी सगळ्या अटी मराठीत वाचून सांग. मुलगी म्हणाली, मावशी, खूप पानं आहेत. इंदूबाई म्हणाल्या, दुपारचे डबे देऊन आली मी, संध्याकाळपर्यंत मोकळी आहे.

मेघानं वाचायला सुरुवात केली. जिथं अडली तिथं आतून मालकाला विचारून आली. मागं चार-पाच गिऱ्हाइकं जमली. एका माणसानं घड्याळ पाहून विचारलं, किती वेळ लागंन.

इंदूबाईंनी मान वळवली. "थांब गा थोडं. तुह्याही कामाचं आहे हे," त्या म्हणाल्या, आणि मुलीला म्हणाल्या, "हं. चौथी झाली. पाचवी वाच."