काकीच्या दारातला संत

माझ्या कादंबरीतल्या ज्या प्रसंगाचं लोकांनी सगळ्यात जास्त कौतुक केलं, तो मी रचलेला नाही. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. तिने एकदा विचारलं होतं, पुस्तकाची नवी आवृत्ती निघते तेव्हा तुमचा चेहरा असा का होतो? मी पित्तावर ढकललं.

कादंबरी आमच्या तळकोकणातल्या एका जुन्या संतावर आहे. त्याचं नाव इथे घेत नाही. ऐंशी सालच्या सुमाराला मी मुलुंडच्या एका कारखान्याच्या कचेरीत कारकून होतो आणि डोक्यात एकच खूळ होतं, या संताला माणूस करायचं. पोथीतले चमत्कार काढून टाकायचे आणि खाली काय उरतं ते बघायचं. त्याला भूक लागत असेल, रागही येत असेल, टाच फुटत असेल. हे सगळं मला जमत होतं. अडलं ते बायकोपाशी. पोथीत तिच्याबद्दल दोनच गोष्टी आहेत. तिची परवानगी घेऊन तो घरातून निघाला, आणि नऊ वर्षांनी तिच्याच दारात भिक्षा मागायला आला. त्या दारात काय झालं, पोथी सांगत नाही. माझं वय सव्वीस, लग्न झालेलं नाही. मला काय कळणार?

म्हणून मी ते पान काकीला वाचून दाखवलं.

काकी म्हणजे माझ्या वडिलांच्या चुलतभावाची बायको. अंधेरी पूर्वेला एका बैठ्या चाळीत एकटी राहायची आणि औषधांच्या कंपनीत गोळ्या पाकिटात भरायची. काका गिरणीत होते. लग्नाला पाच वर्षं झाल्यावर एक दिवस पाळीला म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. वर्षभराने नाशिकहून एक पोस्टकार्ड आलं, मी आता तुमचा नाही, शोधू नका. मूलबाळ नव्हतं. कॉलेजची चार वर्षं मी काकीकडेच जेवलो. माझे लाड जे काही झाले ते त्या दहा बाय बाराच्या खोलीत.

मी लिहिलं होतं की संत दारात उभा राहतो, बायको रडत बाहेर येते, त्याच्या पायावर डोकं ठेवते आणि ओंजळभर तांदूळ झोळीत घालते. बरंच अलंकारिक होतं. काकी मासे साफ करत ऐकत होती. मध्येच हसायला लागली.

“असां कोण करता रे? नऊ वर्षांनी घोव दारात इलो तर बायल पाया पडतली काय? शिनेमा बघून लिवतंस?”

“मग काय करेल? तूच सांग.”

तिने विळीवरचा बांगडा पुरा केला, हात धुतले, पदराला पुसले आणि दार लोटून घेतलं. मग सांगितलं.

काका आले होते. दोन महिन्यांपूर्वी, भर दुपारी. भगवी कफनी, दाढी, हातात कटोरा. चाळीत कुणाला काही वाटलं नाही, दारावर गोसावी येतच असत. काकीने मात्र पावलं पाहिली आणि ओळखलं. काका म्हणाले, गुरूंनी पाठवलंय. बायकोने भिक्षा घातल्याशिवाय माझा संन्यास पुरा होत नाही.

“मी म्हटलंय, भिक्षा-बिक्षा काय नाय. घरातल्या माणसाक कोण भिक्षा घालता? जेवचा असात तर हात धुवन ये.”

“मग?”

“मगे काय? इलो. जेवलो.”

बांगड्याची कढी, तळलेला बांगडा आणि भात. संन्यासी माणूस पाटावर बसला आणि मान वर न करता तीन वेळा भात मागून घेऊन जेवला. तळलेल्या बांगड्याची शेपटी मोडून त्याने ताटाच्या कडेला ठेवली. कुरकुरीत शेपटी गावच्या आजीला, म्हणजे त्याच्या आईला, फार आवडायची. लहानपणापासून तो ती तिच्यासाठी बाजूला काढायचा. आई पाचशे किलोमीटरवर, डोळ्यांनी गेलेली, आणि हा कफनी घालून म्हणतो, “ही आयेक ठेव.” मग स्वतःच दचकला. उठला, ताट धुतलं आणि निघाला. जाताना एवढंच म्हणाला, मी आलो होतो हे आईला कळू देऊ नकोस, ती मला जाऊ देणार नाही.

“भिक्षा घातलंय नाय मी,” काकी म्हणाली. “तेवा संन्यास झालो नाय त्येचो. जेवन गेलो तो माझो घोव.” आणि लगेच, “ह्यां खंय लिवक नको हां.”

मी गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली. शपथ घेताना मी मनात पहिलं वाक्य जुळवत होतो. हे मला स्पष्ट आठवतं, म्हणून सांगतो.

घरी जाऊन मी ते सबंध लिहून काढलं. मुलुंडला पोचेपर्यंतही धीर निघाला नाही, अंधेरी स्टेशनबाहेरच्या इराण्याकडे बसून बसच्या तिकिटांच्या मागे टिपणं काढली. मग दोन वर्षं तो मजकूर तसाच ठेवला. स्वतःला सांगत राहिलो की छापणार नाही. मग म्हणालो, छापलं तरी संताची गोष्ट आहे, चारशे वर्षांपूर्वीची, कोण ओळखणार? पुढे एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी कादंबरीतलं एक प्रकरण मागितलं. माझ्याकडे देण्यासारखं ते एकच होतं.

पत्रं आली. काही शिव्यांची, संताला बांगडा खायला घालता म्हणून. बाकीची कौतुकाची. घाटकोपरच्या एका वाचनालयाने मला बोलावलं. तिथे एका बाईंनी विचारलं, ती शेपटी तुम्हाला सुचली कशी हो? मी म्हणालो, जुहूला समुद्रावर चालत होतो, आणि तो प्रसंग आपोआप डोळ्यांपुढे उभा राहिला. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत एक प्रकाशक बसले होते. त्यांनी तिथेच कादंबरी मागितली.

इकडे गावाला वेगळंच चाललं होतं. आमच्याकडे माणूस नाहीसा झाला आणि बारा वर्षं काही खबर नाही आली, तर तो गेला असं धरतात. दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, दहावं-बारावं करतात. त्या दिवसापासून त्याची बायको विधवा. आजी थकली होती, तिच्या देखत मुलाचं काय ते उरकावं असं धाकट्या काकांना वाटत होतं. धाकटे काका म्हणजे नाहीशा झालेल्या काकांचा भाऊ, काकीचे दीर. वाईट माणूस नव्हता. भावाचा आत्मा भटकतो आहे असं त्यांना खरोखरच वाटायचं. काकी दर खेपेला काहीतरी काढायची. वर्षं घरातून गेल्यापासून मोजायची की पोस्टकार्डापासून? अधिक महिने धरायचे की नाही? भटजींनी सांगितलं, शेवटची खबर आली तिथपासून. पोस्टकार्डापासून बारा वर्षं चैत्रात पुरी होत होती.

आणि धाकट्या काकांच्या मुलाने तो दिवाळी अंक आजीला वाचून दाखवला. घरातल्या पोराचं नाव छापून आलं म्हणून. गोष्ट शेपटीपाशी आली आणि आजी उठून बसली. “माझो झील जिवंत असा,” म्हणाली. “सुनेक इचारा. तो मुंबैक इल्लो.” पुतळ्याला ती नाही म्हणाली.

धाकटे काका अंक घेऊन मुंबईला आले. एका रविवारी सकाळी काकीच्या खोलीत बसलो होतो, ते, काकी आणि मी. मला निरोप पाठवून बोलावलं होतं. माझ्या खिशात प्रकाशकांचं पत्र होतं. ते का सांगतो आहे, कळेल.

“वयनी, खरां सांगा. दादा इल्लो?”

काकीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. अंक तिने वाचलेला होता हे मला तेव्हाच कळलं, आणि महिनाभर ती मला एका शब्दाने बोलली नव्हती. मग ती दिराकडे वळली आणि सरळ म्हणाली, “इल्लो. तीन वर्षां झाली. जेवन गेलो.”

“मगे इतकी वर्षां सांगलात कित्याक नाय?”

“तेनी नको म्हटल्यान म्हणान.”

धाकटे काका हसले. दुखावलेला माणूस हसतो तसं. “पुस्तकात छापून इला तेवा तुमका आठावला? चैत्र जवळ इलो तेवा आठावला?”

“खोटां बोलतंय मी? मगे मेलेल्याक वाढलंय काय?” काकीचा आवाज चढला. तिने माझ्याकडे बोट केलं. “ह्येका इचारा. लिवच्या आधी ह्येका सांगितलंय मी. सांग रे. कधी सांगितलंय ता सांग.”

एवढंच हवं होतं. एक हो. तो म्हटला असता तर वर्षं तीन वर्षांपूर्वीपासून नव्याने मोजावी लागली असती. काकीचं कुंकू राहिलं असतं, आजीचा मुलगा राहिला असता.

धाकट्या काकांनीच मला वाट करून दिली. “तू ल्हानपणी दादाच्या पंगतीक बसलंलस. शेपटी काढून ठेवताना बघितलंस असशीत. होय मां?”

“हो,” मी म्हणालो. “लहानपणी पाहिलं होतं. बाकी सगळी माझी कल्पना आहे.”

मी घाटकोपरात जे बोललो होतो ते वाचनालयाच्या अहवालात छापून आलं होतं. प्रकाशकांनी पत्रात त्याच प्रसंगाचा उल्लेख केला होता, इतकी विलक्षण कल्पनाशक्ती वगैरे. मला वाटलं, हो म्हटलं तर माझं काय उरलं? एक कारकून, ज्याने काकीचं बोलणं उतरवून काढलं. हे सगळं मला तेव्हा एवढं स्पष्ट कळत होतं असं नाही. तोंडातून निघून गेलं, असं मी बरीच वर्षं म्हणत आलो. निघून गेलं नव्हतं. मी बोललो होतो.

धाकटे काका उठले, वहाणा घातल्या. काकी पाटावर बसून होती. तिने मला एकच वाक्य ऐकवलं.

“कल्पना बरी हा रे तुझी.”

आजीला गावी सांगितलं की मुंबईला चौकशी केली, ती नुसती गोष्ट आहे. आजीने पुन्हा वाद घातला नाही. चैत्रात नदीकाठी पुतळ्याला अग्नी दिला. मी गेलो नाही, रजा मिळत नाही असं कळवलं. रजा शिल्लक होती. काकीला गावाला नेऊन जे करायचं ते केलं. आजी त्याच वर्षी गेली.

चार महिन्यांनी धीर करून मी अंधेरीला गेलो. काकीचं कपाळ मोकळं होतं. मला वाटलं होतं शिव्या देईल, दाराबाहेर काढेल. मी तयारीने गेलो होतो. ती म्हणाली, “येवा. बसा. च्या ठेवतंय.” मला, ज्याला तिने कॉलेजात असताना टॉवेलने डोकं पुसून दिलं होतं, तिने अहो-जाहो केलं. कसे आहात, आईची तब्येत कशी आहे, सगळं विचारलं. चहा बशीसकट दिला. मी सांगायला गेलो होतो की माझं चुकलं. त्या “येवा”पुढे बोलता आलं नाही. मी कप ठेवला आणि निघालो. आजतागायत ती मला तसंच बोलते.

कादंबरी आली. एका परीक्षणात लिहिलं होतं की स्त्रीच्या मनाचा असा ठाव घेणारा लेखक विरळा. मी ते कात्रण जपून ठेवलं, फाडून टाकलं नाही, हेही सांगायला हवं. त्यानंतर मी दोन पुस्तकं लिहिली. दोन्हीही कुणाला आठवत नाहीत, आणि का आठवत नाहीत हे मला माहीत आहे.

काका पुन्हा आले की नाही, कळलं नाही. आले असतील तर त्यांनी दारातून काय पाहिलं असेल याचा विचार मी करत नाही.

काकी आता मानखुर्दला भाचीकडे असते. गुडघे गेलेत, बाकी ठणठणीत आहे. धाकटे काका गावाला आहेत, ऐकू कमी येतं. दोघंही हयात आहेत, म्हणजे मला सबब नाही. हे लिहून काही फिटलं असंही नाही, कारण इथे कुणाचं नाव नाही, आणि नाव नसताना कबुली देणं सोपं असतं. मला गावी जायचं आहे, काकीला बरोबर न्यायचं आहे, आणि धाकट्या काकांच्या कानाशी मोठ्याने बोलायचं आहे की त्या रविवारी काकी खरं बोलत होती आणि मी खोटं बोललो. एवढं मी तिचं देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही.