मॅडमची डावी कास

किरिगोचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. ओथाया गावाजवळच्या आमच्या उतारावर कोंबडे पाचला आरवतात. तोवर तिची चूल पेटलेली, अळूचे कंद उकडलेले आणि शेळीला दोन शिव्या देऊन झालेल्या असत. मग धार. साडेसहाला पाठीवर टोपली बांधून ती दुसऱ्याच्या मळ्यात चहा खुडायला जाई. मजुरी किलोवर. मी चहाच्या कारखान्यात तीस वर्षं भट्टीत लाकूड घातलं, खुडणारे हजारो हात पाहिले. तिच्या टोपलीत कधी जाड देठ सापडला नाही. यापेक्षा जास्त स्तुती मी कुणाची करत नाही.

नवरा वारलेला, मुली शहरात. घरात ती आणि मॅडम. मॅडम म्हणजे शेळी. दिवसाला दोन लिटर दूध देई आणि माणसांकडे साहेबिणीसारखी बघे. किरिगो दोन वर्षं मजुरीतून थोडं थोडं बाजूला टाकत होती, नव्या गादीसाठी. जुन्या गादीत मधोमध खड्डा पडला होता. ती म्हणायची, "बरंय, रात्री पडायची भीती नाही."

एका मंगळवारी धार काढताना मॅडमने लाथ मारली. कासेची डावी बाजू तापलेली, दगडासारखी घट्ट. दुधात दह्यासारख्या गुठळ्या.

"कासेला दगडी झाली," मी म्हणालो.

"नजर लागली," ती म्हणाली.

आमच्याकडे जनावराची स्तुती केली की लगेच थुंकायचं असतं. नाही थुंकलं तर नजर लागते, आणि मग त्याच माणसाने येऊन थुंकल्याशिवाय ती उतरत नाही. रविवारी चर्चमधून परतताना शेजारचा गाथोगो कुंपणापाशी थांबून म्हणाला होता, "वा, काय कास आहे!" आणि तसाच कोरड्या तोंडाने निघून गेला होता.

गाथोगोला बोलावलं. या माणसाने आयुष्यात तपकिरीच्या डबीपेक्षा जड काही उचललं नव्हतं. तो कोट घालून आला.

"थुंक," किरिगो म्हणाली.

"कुठे?"

"जिथे बघितलंस तिथे!"

तो थुंकला. तपकिरी रंगाचं. दुसऱ्या दिवशीही थुंकला. तिसऱ्या दिवशी त्याने आधी चहा मागितला. "घसा ओला लागतो, वहिनी. हे काय सोपं काम आहे?"

चौथ्या दिवशी मॅडमने चारा सोडला. खाटीक किनुथिया सहज म्हणून डोकावला.

"कशी आहे तब्येत? फक्त विचारपूस करायला आलो."

"आणि ही सुरी?"

"ती सोबत असतेच, मावशी. डॉक्टरच्या गळ्यात नाही का नळी असते?"

कास गेली तर शनिवारी मॅडम किनुथियाच्या आकड्याला लटकणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दूध न देणारी शेळी पोसायला किरिगोची टोपली पुरत नव्हती. मग मीच जनावरांची डॉक्टरीण न्याविराला बोलावून आणलं.

ती मोटरसायकलवरून उतरली, तिने कास पाहिली आणि विचारलं, "ही तपकीर कुणाची?"

गाथोगोने अभिमानाने हात वर केला.

तिने आधी कास धुऊन कोरडी केली. पातेल्याच्या काळ्या झाकणावर एक धार काढली. काळ्यावर पांढऱ्या गुठळ्या मोहरीएवढ्या स्पष्ट दिसल्या. मग तिने गोठ्यात डोकं घातलं. मॅडमची खोली खांबांवर उंच बांधलेली, लेंड्या फटींतून खाली पडाव्यात म्हणून. पण अर्ध्या फळ्या कुजून वाकल्या होत्या, ओल साचली होती, आणि मॅडम त्याच चिखलात कास टेकून बसत होती.

"आजी, नजर वरून नाही लागली. खालून लागली."

तिने इंजेक्शन टोचलं, डावं सड रिकामं करून त्यात औषध सोडलं. मग नियम सांगितले. दर दोन तासांनी गरम कपड्याने शेकायचं आणि डावी बाजू पुरती पिळायची. आधी निरोगी बाजू, मग दुखरी. ते दूध खड्ड्यात, गोठ्यात सांडायचं नाही. प्रत्येक वेळी आधी आणि नंतर हात साबणाने धुवायचे. ती सांगेपर्यंत कुठल्याच बाजूचं दूध कुणी प्यायचं नाही.

"दर दोन तासांनी?" किरिगो म्हणाली. "आणि मळ्यात कोण जाईल, मॅडम जाणार?"

मी म्हणालो, "नजर ज्याने लावली, त्याने उतरवावी."

"मी?" गाथोगो मागे सरकला. "मी थुंकणारा माणूस आहे!"

पण तीन दिवस थुंकीच्या सामर्थ्याच्या बढाया मारून झाल्या होत्या. आता नाही कसं म्हणणार? न्याविराने त्याला हात धुवायला तीनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा त्याची नखं दिसली. त्यालाही ती नवीनच होती.

मी ओंडक्यावर बसून देखरेख केली. "ओढू नकोस, मुठीने दाब. वरून खाली. अंगठा आत मुडपू नकोस." मॅडमने त्याला दोनदा पाण्याच्या डोणीत बसवलं. दुसऱ्या दुपारी तो कण्हला, "पाठ दुखते रे."

"तुला पाठ आहे हे कळलं तरी."

रोज संध्याकाळी न्याविरा येऊन औषध सोडून जाई. उपचाराच्या सहाव्या दिवशी काळ्या झाकणावर धार पडली, पांढरी, गुळगुळीत. गुठळी एकही नाही. न्याविरा म्हणाली, डावी बाजू या खेपेला थोडं कमीच देईल, पण शेळी वाचली. किनुथिया "देवाची कृपा" म्हणाला, मयताला म्हणतात त्या आवाजात, आणि सुरी घेऊन गेला.

शनिवारी किरिगोने गादीचे पैसे काढले आणि फळ्या आणल्या. चौदा. एकीला गाठ होती, ती मी परत करायला लावली. फळ्या ठोकल्या मी, बोटभर फट सोडून. मॅडम वर चढली, कोरड्यात बसली आणि तिने आमच्याकडे पाहिलं, उशीर झाला अशा नजरेने.

गाथोगो कुंपणापाशी थांबला. "वा!" तो म्हणाला. "काय फळ्या आहेत!"

सगळे जागच्या जागी थिजले. त्याच्याही लक्षात आलं. त्याने तोंडात थुंकी गोळा केली.

किरिगोने आधी त्याच्या हातात ओलं फडकं दिलं.

"थुंक," ती म्हणाली. "आणि पूस. माझी गादी आहे ती."