सुकाणू माझ्या हातात

इंग्लंडच्या कालव्यावरची ही लांबुळकी होडी माणसाच्या चालीनं जाते, तरी मी तिचं सुकाणू दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. मी ज्यांच्या देखभालीला आहे त्या मार्गारेटबाई सुकाणू माझ्या हाती देऊन खाली चहा करायला गेल्या, आणि लख्ख उन्हात पाऊस आला, समोरून दुसरी होडी आली.

"बाई, वर या ना!"

"उजवीकडून ने. तूच शिकवलेला चहा आहे, उतू जाईल!"

नववीत शाळा सुटल्यापासून लोक 'तुला नाही जमायचं' म्हणत माझ्या हातातलं काम काढूनच घेत आले. इथं काढून घ्यायला कुणी नव्हतं. सुकाणू डावीकडे ढकललं की होडी उजवीकडे वळते, तीही जीव टांगणीला लावून. वळली! समोरच्या होडीवरच्या भिजलेल्या म्हाताऱ्यानं हात उंचावला. "काय झकास हवा आहे!" म्हणाला, जुन्या होडीवाल्याशी बोलावं तसा. परमुलखात मी ऊठसूट आभार मानत असते. तेव्हा सुचलंच नाही, मीही नुसता हात उंचावला. भरवसा ठेवणारं माणूस शेजारी उभं राहतं असं मला वाटायचं. ते खाली निवांत चहा ढवळत असतं!

बाई कप घेऊन आल्या. "दे आता इकडे."

"थांबा की बाई, पुढचा पूल तरी येऊ दे!"