बांधवगडच्या वाटेवर सासूबाई

आमच्या घरात वाघाचं नाव घ्यायची सोय नव्हती. सासूबाई लहान असताना त्यांचे वडील चांद्याकडच्या रानात मोहफुलं वेचायला गेले आणि वाघानं त्यांना नेलं. गावकऱ्यांच्या हाती लागलं ते फक्त धोतर. तेव्हापासून सासूबाई त्याला 'तो' म्हणत, आणि तेही आवाज खाली करून. रायपूर राजधानी झाली, यांच्या ऑफिसनं इथं शाखा उघडली आणि आम्ही नागपूरचं बिऱ्हाड इकडं हलवलं. इथल्या शाळेत मराठी कुठलं? म्हणून मी पोरीसाठी अक्षरांचं पुस्तक मागवलं. त्यात 'व'च्या पानावर नेमका वाघ! सासूबाईंनी जुन्या कॅलेंडरातला बाळकृष्ण कापून त्याच्यावर चिकटवला. आमची पोट्टी कित्येक दिवस 'व' दिसला की "किशन भगवान" म्हणायची.

अशा बाईला बांधवगडला जायचं वेड लागलं. शेजारच्या छत्तीसगढी दीदीनं सांगितलं होतं, तिकडे डोंगरावर जुना किल्ला आहे, वाटेत शेषावर झोपलेला विष्णू आहे, आणि जन्माष्टमीला साऱ्यांना पायी वर जाऊ देतात. सासूबाई दीदीच्या सुरात सूर मिसळून "हव, हव" करायच्या, आणि मग रोज यांच्या मागं लागायच्या. यांनी होकार देऊन टाकला. किल्ला वाघांच्या जंगलात आहे, हे मात्र आईला सांगायचं नाही, असं ठरवलं.

मी म्हटलं, "अहो, गेटावर त्याचाच फोटो असंल. तेव्हा काय सांगाल?"

"पाहू," म्हणाले. या माणसाचा सगळा संसार 'पाहू'वर चाललाय.

गोल बाजारातून सासूबाईंना कॅनव्हासचे बूट घेतले. लुगड्याखाली बूट घालून त्या रेल्वेत अशा ऐटीत बसल्या, की मला हसू आवरेना. उमरियाला उतरलो, जन्माष्टमीच्या सकाळी जीपनं जंगलाच्या तोंडाशी असलेलं ताला गाव गाठलं, आणि गेटावर मी म्हटलं होतं तेच! भिंतीएवढा वाघ, जबडा उघडलेला. सासूबाई त्या चित्रासमोर थांबल्या, पदर सारखा केला आणि गर्दीबरोबर चालू लागल्या. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली. म्हटलं, निस्तरा आता तुमचं तुम्ही.

जंगल मी आधी पाहिलं नव्हतं असं नाही, पण ते जीपमधून. पायी गेलं की जंगल अंगावर येतं. सालवृक्ष आकाश झाकून उभे, खाली ओला चिखल, वाटेवर लाठ्या घेतलेले वनरक्षक. भजन म्हणणारी माणसंही हळूहळू आवाज उतरवत होती. सासूबाईंचा हात माझ्या हातात होता, गार पडलेला. मी दोनदा म्हटलं, "आई, परत फिरू या." त्यांनी फक्त हात घट्ट केला.

मग वळणावर तो विष्णू दिसला. अखंड दगडात कोरलेला, शेवाळानं हिरवागार झालेला, उघड्या आभाळाखाली निवांत झोपलेला, आणि पायाशी पाणी वाहतंय. केवढा मोठा, अगं बाई! आपण किती एवढेसे आहोत, हे मला त्या दिवशी खरंखुरं कळलं. पोट्टी कुजबुजली, "मम्मी, जगाना मत."

तिथून वर किल्ल्याचा दरवाजा लागतो. तो दिसू लागला तेवढ्यात पुढच्या वनरक्षकानं हात वर केला. सगळे थांबले. वरच्या पडक्या तटावर वाघ होता.

आला कधी, कुणी पाहिलं नाही. तो नुसता उभा होता, जसा काही किल्ला त्याचाच आणि आम्ही न सांगता आलेले पाहुणे. एवढी माणसं, पण लेकरंसुद्धा रडली नाहीत. मला भीती वाटायला हवी होती. पण डोळे भरून आले, आणि का ते मला आजही सांगता येत नाही.

सासूबाईंनी माझा हात सोडला. त्या एक पाऊल पुढे झाल्या आणि डोळ्याचं पातं न लवू देता त्याच्याकडे पाहत राहिल्या. त्यानंही खाली पाहिलं. मग तो वळला आणि तटापलीकडे उतरून गेला.

मी त्यांना धरून खाली बसवलं. "आई, आम्ही तुम्हाला सांगितलं नाही..."

"काहून वं, मले काय माहीत नव्हतं?" त्या म्हणाल्या. "दीदीनं पयल्याच दिवशी सांगतलं होतं. देव तं घरीबी हाये. माया बापाले शेवटचं यानंच पाह्यलं. मले याचे डोये पाहाचे होते."

हे बाजूला तोंड करून उभे राहिले. आम्ही किल्ल्यावर गेलो, तिथल्या देवळात गर्दीत उभे राहिलो, पण मला त्यातलं फारसं आठवत नाही.

रायपूरला परतल्यावर सासूबाई पोट्टीचं पुस्तक घेऊन बसल्या. ओलं बोट फिरवून त्यांनी बाळकृष्ण हळूच सोडवला आणि देव्हाऱ्यात ठेवला. खालून डिंकानं डागाळलेलं चित्र निघालं. पोट्टीनं विचारलं, "आजी, ये कौन है?"

"वाघ," सासूबाई म्हणाल्या. मोठ्यानं, मला स्वयंपाकघरात ऐकू येईल इतक्या.