जयवंतसरांचं रीळ घेऊन धामापूरला

धामापूरहून एक पोस्टकार्ड आलं होतं. ‘धाकट्याचे काही सामान आपणाकडे असल्यास पोस्टाने पाठवावे. तसदीबद्दल क्षमस्व.’ खाली सही, केशव. जयवंतसरांचे थोरले भाऊ; सर गेल्याचं मीच त्यांना पत्राने कळवलं होतं. ते वाचलं आणि तिथेच ठरवलं, सामान पोस्टाने जाणार नाही. मी घेऊन जाणार.

ही साठच्या दशकातली गोष्ट. आज तुम्ही कुडाळला रेल्वेतून उतरता आणि तासाभरात धामापूरच्या तळ्यावर फोटो काढत उभे असता. जरूर जा. पण मी गेले तेव्हा मुंबईहून मालवणला बोटीने जायचं असे, आणि तिकडच्या घरांत वीज नव्हती. हे दुसरं फार महत्त्वाचं, कारण माझ्या पिशवीत एक सिनेमा होता.

तो जयवंतसरांनी एकट्याने केला होता. सर आधी एका स्टुडिओत कार्टूनपट काढायचे. दंतमंजनाच्या आणि साबणाच्या जाहिराती करून कंटाळले, पक्की नोकरी सोडली आणि शाळेत चित्रकला शिकवू लागले. उरलेल्या वेळात गिरगावातल्या खोलीत स्वतःचा चित्रपट. कुणी मागितला नव्हता, कुणी घेणार नव्हतं. एका सेकंदाच्या हालचालीला बारा चित्रं लागतात. सर ती पेन्सिलीने काढत आणि मी ती पारदर्शक तावांवर शाईने गिरवत असे. गोष्ट एवढीच: एक मुलगी कळशी घेऊन तळ्यावर जाते, पाणी भरते, परत येते.

शेवटचा भाग चितारताना सरांना काविळीने गाठलं. चित्रं पुरी झाली आणि सर गेले. तो भाग मी एकटीने गिरवला. त्यात मुलीचा डावा पाय आधीपेक्षा जास्तच मागे राहत होता, पाऊल ओढल्यासारखं पडत होतं. आजारी माणसाचा हात थरथरला असणार, असं मला वाटलं. मी प्रत्येक चित्रात तो पाय नीट बसवला. सरांच्या एका मित्राने कॅमेऱ्याने सगळं टिपून रीळ तयार केलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, सुरुवातीला मुलगी थोडी अडखळते, पण शेवटी किती छान चालते! मला मनातून अभिमान वाटला. हे कबूल केलेलं बरं.

भाऊच्या धक्क्यावरून सकाळी बोट सुटली. डेकवर सतरंजी टाकून बसले खरी, पण एका जागी बसवेना. एक तारखेपासून जाहिरात कंपनीत रुजू व्हायचं होतं. हातात उणेपुरे पाच दिवस होते. शेजारच्या काकूंनी चपाती-भाजी पुढे केली आणि रिळाचा गोल डबा बघून विचारलं, “लाडू?” मी “हो” म्हणून टाकलं. (बोटीने कधी प्रवास केलात तर लिंबू जवळ ठेवा. मी ठेवलं नव्हतं.)

दुसऱ्या दिवशी मालवण दिसलं. पाण्यात किल्ला, मागे माडांची रांग. बोट धक्क्याला लागत नसे, खोल पाण्यात थांबे. मग पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरायचं. लाटेने पडाव वर आला की उडी. मी डबा छातीशी धरून उभीच राहिले. खालून पडाववाला ओरडला, “डबो दी आदी, मगे तू ये!” मी डबा दिला नाही. दोघंही एकदमच पडावात आदळलो, डबा आणि मी.

मालवणहून एसटीने धामापूर. लाल धूळ, डावी-उजवीकडे काजूची कलमं, मध्येच कापलेली भातशेतं. भगवती देवीच्या देवळाशी उतरले तेव्हा ऊन कलत होतं. मागे तळं, झाडीने वेढलेलं, इतकं शांत की मला उगाच घाई करावीशी वाटली.

तळ्याच्या बांधावरून एक बाई कळशी घेऊन येत होती. चाळिशीची असेल. डावा पाय ओढत चालत होती.

मी जागच्या जागी थांबले. ते पाऊल मी शेकडो वेळा गिरवलं होतं. आणि शेकडो वेळा दुरुस्त केलं होतं.

“कोणाकडे जातलंस गो?” तिने विचारलं.

मी नाव सांगितलं, सरांचं सांगितलं. तिने कळशी खाली ठेवली. “जयूचां चेडू! तेच्या हाताखाली होतंस तां! मी बाय. तेची मोठी बहीण.” चेडू, म्हणजे मुलगी. कळशी पुन्हा कमरेला घेऊन आणि माझ्या हातातली पिशवी उचलून ती पुढे चालू लागली. मी मागून. रस्ताभर मला त्या पायाकडे बघवत नव्हतं, आणि दुसरीकडे बघताही येत नव्हतं.

घरी केशवदादा होते, गावातल्या शाळेचे हेडमास्तर. माझ्याशी ऑफिसातल्यासारखं शुद्ध बोलले. सरांचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. “त्याने चांगली नोकरी सोडली. आम्ही कळवलं होतं, सोडू नकोस. पुढे काय केलं, ते आम्हाला माहीत नाही.”

“तेच आणलंय,” मी म्हटलं.

बायने पेज वाढली, सोबत आंब्याचं लोणचं. “माका दाखवशीत?” तिने विचारलं. मी हो म्हटलं आणि लगेच शेवटचा भाग आठवला. शेवटची दोन मिनिटं कापून टाकता आली असती. कात्री पिशवीत होती. मुलगी चालत पाण्यापर्यंत गेली, एवढंच दाखवायचं. कुणाला कळणार होतं?

पण आधी यंत्र हवं होतं. केशवदादा म्हणाले, कसालला सरकारी प्रचाराची गाडी आली आहे, तिच्यात सिनेमाचं मशीन आणि जनरेटर असतो. सकाळच्या एसटीने निघाले, वाटेत गाडी बदलली. कसालच्या नाक्यावर गाडी उभी होती आणि तिचा ऑपरेटर हॉटेलात भजी खात होता. माणूस कोल्हापूरकडचा.

“दुपारी सिनेमा?” तो म्हणाला. “खुळ्या का काय तुम्ही, ताई? उजेडात पडद्यावर काय दिसणार? आणि संध्याकाळी मला कुडाळात खताचा सिनेमा दाखवायचाय.”

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी डबा उघडला, फिल्म हातभर सोडवली आणि त्याच्यासमोर उजेडात धरली. तेलकट बोटं पंचाला पुसून तो वाकला. एक चौकट, दुसरी, तिसरी.

“हे छापलंय?”

“हाताने काढलंय. एका माणसाने.”

“सगळं?”

“सगळं.”

तो बराच वेळ बघत राहिला. “खिडक्या बंद होतील अशी खोली आहे?” त्याने विचारलं. “तीनला मी निघणार. मिनिटभर जास्त थांबणार नाही.”

त्याच्याच गाडीने धामापूर गाठलं आणि शाळेचा वर्ग कांबळी आणि पोती लावून काळोखा केला. फळ्यावर केशवदादांचं धुतलेलं धोतर ताणून बांधलं. ते स्वतः दारात उभे राहिले, आत बसले नाहीत. बाहेर जनरेटर धडधडू लागला. निम्मा गाव जमिनीवर बसला होता, पुढे बाय. कात्री पिशवीतच होती. ती काढायची की नाही याचा विचार मी रीळ चढवेपर्यंत करत होते आणि मग वेळच उरला नाही.

धोतरावर तळं उमटलं. झाडी, देवळाचा कळस. लोक हसले, आपलंच गाव ओळखून. मग मुलगी आली, कळशी कमरेला, पाय ओढत.

“अगे, ही बाय मगो!” कुणीतरी ओरडलं. वर्गभर एकच गलका. बाय तोंडाला पदर लावून बघत होती. लहानपणीची ती, तेराचौदा वर्षांची, बांधावरून तिच्याच चालीने चालली होती. मुलगी पाण्यात उतरली, कळशी भरली, वळली. आणि सरळ, झपझप चालू लागली.

गलका थांबला. सिनेमा संपला, ऑपरेटरने पोतं बाजूला केलं, ऊन आत आलं. बायने मागे वळून मला विचारलं, “माझो पाय मधीच बरो कसो झालो गो?”

सगळ्यांसमोरच सांगितलं. की सरांनी तो तसाच काढला होता. की चूक समजून मी तो सुधारला. बोलताना मी रडत होते का, आठवत नाही.

बाय उठली, मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेली. तिथे म्हणाली, “न्हान असताना जयू माझ्या मागसून माझ्यासारखो लंगडत येय. पोरां हसत. एकदा मी तेका मारलंय. तेच्या मगे तेणां कधी केल्यान नाय.” तिने पदर नीट केला. “मी समाजलंय, तो इसारलो.”

मी माफी मागितली. ती “असांदे”, असू दे, म्हणाली नाही. मला ते बरं वाटलं. ती म्हणाली, “फाल्यां सकाळी बांधावर ये. कागद घेवन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाय भरलेली कळशी घेऊन बांधावर चालली. एकदा, दोनदा, दहादा. मी बसून रेखाटत होते. पाय ओढला जातो तेव्हा खांदा आधी वर येतो आणि कळशी सांडू नये म्हणून कोपर बाहेर जातं, हे सरांच्या प्रत्येक चित्रात होतं आणि मला तोवर दिसलं नव्हतं. “नीट बघ,” ती मधूनमधून ओरडे. “परत येव?” “हो, परत.” शेवटी दमली आणि पायरीवर बसली. तेव्हा मी पहिल्यांदा तळ्याकडे नुसतं बघितलं.

परतीची बोट मी जवळजवळ चुकवली. मुंबईत पोचल्यावर ठरल्याप्रमाणे नोकरीवर रुजू झाले. संध्याकाळी मात्र सरांच्या पेन्सिलीच्या चित्रांवरून शेवटचा भाग पुन्हा गिरवायला घेतला, या वेळी काहीही न सुधारता. ते शिमग्यापर्यंत चाललं, मग सरांच्या त्या मित्राने नवं रीळ तयार केलं.

गिरगावातल्या एका शाळेच्या सभागृहात आम्ही नवं रीळ दाखवलं. तीसेक माणसं आली. मी धामापूरला पत्र घातलं होतं, पण येईल कुणी असं वाटलं नव्हतं. सिनेमा संपल्यावर एका गृहस्थाने विचारलं, “हे ज्यांनी काढलं ते कोण? त्यांच्याविषयी दोन शब्द सांगेल का कुणी?”

मी उठणार, तेवढ्यात मागच्या रांगेतून एक माणूस उभा राहिला. कोट घातलेला, बोटीच्या प्रवासाने पार थकलेला. केशवदादा. मोठ्या सभेत बोलतात तसा त्यांनी घसा साफ केला. पण ते शुद्ध मराठी काही आलं नाही.

“जयवंत,” ते म्हणाले. “माझो धाकटो भाव.”

आणि पुढचा पाऊण तास ते त्याच्याबद्दल बोलत उभे होते. कुणीही जागचं हललं नाही.